फर्नेस, कपॅसिटर बँक आणि सिम्युलेशन : फुकटातलं कुठलं सॉफ्टवेअर शिकू?

भट्टी_शिरोली

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. शिक्षण डिप्लोमा. कॉम्प्युटरवर एक्सेल आणि थोडंफार ऑटोकॅड, एवढाच हात बसलाय.

आमच्याकडे ११ केव्हीचं एचटी (हाय टेन्शन) कनेक्शन आहे, ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीए, ११ केव्ही / ४३३ व्होल्ट. त्याच एलटी बसवर (ट्रान्सफॉर्मरच्या ४३३ व्होल्ट बाजूची मुख्य पट्टी) ५०० किलोची, ३५० किलोवॅटची इंडक्शन फर्नेस (सहा पल्सची, म्हणजे आतला रेक्टिफायर एका सायकलला सहा ठोके देणारा). शिवाय सँड प्लांट, कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्टिंग, अशा मिळून अडीचशे किलोवॅटच्या मोटारी. एपीएफसी पॅनेलमध्ये (पॉवर फॅक्टर सांभाळायला कपॅसिटर आपोआप जोडणारं पॅनेल) ५० केव्हीएआरच्या आठ स्टेप, म्हणजे कपॅसिटरचे आठ गट. कपॅसिटर ४४० व्होल्टचे, साधे, रिअॅक्टर नाहीत.

दुखणं असं की नाइट शिफ्टला हीट (भट्टीतलं एक वितळण) चालू असताना कपॅसिटरचे फ्यूज जातात. ठरावीक स्टेपचा जातो असंही नाही, आज तिसऱ्याचा तर उद्या सहाव्याचा. पण एक बघितलंय, सात नाहीतर आठ स्टेप लागलेल्या असल्या तरच जातो. पाच स्टेपवर कधी त्रास झालेला नाही. कपॅसिटर फुगलेत, बदललेत, परत फुगलेत.

आता मालकांना दुसरी फर्नेस घालायची आहे, पहिलीएवढीच, याच ट्रान्सफॉर्मरवर. कन्सल्टंट म्हणाले आधी सिस्टिम स्टडी करा. त्यांचं कोटेशन बघून मालक मला म्हणतात, "नेटवर सॉफ्टवेअर फुकट मिळतंय म्हणे, तूच शिक की." बघायला गेलो तर मॅटलॅब, ईटॅप, पीएसकॅड, एलटीस्पाइस, ओपनडीएसएस, आणखी काय काय. डोकं गरगरायला लागलं. माझ्यासारख्यानं नेमकं कुठलं धरावं?

पॅनेल_उद्यमनगर

भावा, कशाला कॉम्प्युटरच्या नादाला लागतोस? सरळ हार्मोनिकचा (५० हर्ट्झच्या पटीतल्या जादा करंटचा) त्रास आहे. प्रत्येक स्टेपमागं ७ टक्क्यांचा डिट्यून्ड रिअॅक्टर (रेझोनन्स टाळणारी कॉइल) टाक आणि मोकळा हो. कपॅसिटर हायेत तेच ठेव. इकडं निम्मी पॅनेलं आता तशीच जातात. स्टडी करणारा शेवटी हेच सांगणार आणि वर बिल लावणार.

वायरमन_२०

ईटॅपचं क्रॅक पायजे असेल तर सांगा, लिंक देतो.

निवृत्त_टेस्टिंगवाला

क्रॅकचं आधी मिटवतो. चोरीच्या सॉफ्टवेअरमधून काढलेला रिपोर्ट कुणापुढे ठेवता येत नाही, आणि ज्या कॉम्प्युटरवर ते चढवाल त्यावरच फाउंड्रीचं टॅली असणार. नको.

भट्टी, तुम्ही सॉफ्टवेअर विचारलंत, पण कामाचं वाक्य तुमच्याच प्रश्नात आहे : सात-आठ स्टेपला जातो, पाचला जात नाही. कॅल्क्युलेटर घ्या आणि माझ्याबरोबर या.

ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स तूर्त ५ टक्के धरू. १००० केव्हीएला ५ टक्के म्हणजे शॉर्ट सर्किट लेव्हल २० एमव्हीए. मागची ११ केव्हीची ग्रिड १५० एमव्हीएची धरू. दोन्ही एकामागोमाग आहेत, म्हणून २० गुणिले १५० भागिले १७०, म्हणजे एलटी बसवर १७.६५ एमव्हीए. आता कपॅसिटर. ४४० व्होल्टचा ५० केव्हीएआर ४३३ व्होल्टला ५० देत नाही, व्होल्टेजच्या वर्गानं उतरून ४८.४ देतो. सात स्टेप म्हणजे ३३९. रेझोनन्स (कॉइल आणि कपॅसिटर एकमेकांना झुलवतात ती फ्रिक्वेन्सी) कितव्या हार्मोनिकला, तर १७६५० भागिले ३३९ आणि त्याचं वर्गमूळ : ७.२. आठ स्टेपला हेच ६.७५ येतं. सातवा हार्मोनिक बरोबर या दोघांच्या मधे सापडला. पाच स्टेपला साडेआठ येतं, आणि सहा पल्सची फर्नेस आठवा-नववा हार्मोनिक सोडत नाही. तिचे ५, ७, ११, १३.

पुस्तकी हिशेबानं सहा पल्समधून सातवा मूळ करंटच्या एक सप्तमांश निघतो. तुमची फर्नेस पूर्ण पॉवरला पाचशे-सव्वापाचशे अँपिअर घेत असेल, म्हणजे ७०-७५ अँपिअर ३५० हर्ट्झचे. रेझोनन्सला ते चार-पाच पट होऊन कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यात फिरत राहतात. सगळ्या स्टेप ते वाटून घेतात, म्हणून ज्याचा फ्यूज आधीच थकलेला त्याचा जातो. आज तिसरा, उद्या सहावा, त्याचं कारण हे. आणि रात्रीच का? दिवसा बाकीचा लोड ही उसळी थोडी दाबून धरतो. रात्री सँड प्लांट बंद, डॅम्पिंग गेलं.

इथवर सॉफ्टवेअर लागलं नाही. आता मात्र लागेल, कारण मी दोन आकडे धरून चाललोय आणि ते धरलेले आहेत हे विसरायला वेळ लागत नाही. ग्रिड हिशेबातच घेतली नाही तर सात स्टेपचं उत्तर ७.२ ऐवजी ७.७ येतं, आणि कागदावर सगळं आलबेल दिसतं. फ्यूज कागद वाचत नाही.

पहिलं हत्यार एलटीस्पाइस घ्या. फुकट आहे, पूर्वी लिनियर टेक्नॉलॉजीचं होतं, आता अॅनालॉग डिव्हायसेसचं. हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं सॉफ्टवेअर, मूळ स्पाइस बर्कलेच्या विद्यापीठात १९७३च्या सुमारास चिप डिझाइनसाठी लिहिलं गेलं. पण बसवरचा रेझोनन्स म्हणजे शेवटी एक कॉइल आणि एक कपॅसिटरच. ट्रान्सफॉर्मर आणि ग्रिड मिळून ३४ मायक्रोहेन्री, सात स्टेप मिळून फेजला साधारण ५७५० मायक्रोफॅरड, थोडा रेझिस्टन्स, आणि फर्नेसच्या जागी एक करंट सोर्स. एसी अॅनालिसिस लावा, ५० ते १००० हर्ट्झ. ३६० हर्ट्झला सुळका उभा राहिलेला डोळ्यांनी दिसेल. मालकांना दाखवायला यापेक्षा चांगलं चित्र नाही. कपॅसिटरचा आकडा स्टेपप्रमाणे बदलत जा, सुळका कसा सरकतो बघा. तीन स्टेपला तो नेमका अकराव्यावर बसतो. अकरावा फर्नेसमधून कमी निघतो म्हणून तिथं अजून तुमचा फ्यूज वाचलाय.

फर्नेसच्या आतलं, थायरिस्टर, इन्व्हर्टर, हे एलटीस्पाइसमध्ये काढायला जाऊ नका. त्यात थायरिस्टरचं तयार मॉडेलच येत नाही, बाहेरून आणून बसवावं लागतं. शिवाय तुमच्या प्रश्नाला ते लागतही नाही. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचं काम असेल तर पीसिम किंवा प्लेक्स, दोन्ही विकतची.

दुसरं आणि खरं कामाचं, ओपनडीएसएस. अमेरिकेतल्या एप्री या संस्थेचं, २००८ पासून ओपन सोर्स. डिस्ट्रिब्युशनसाठीच बनलंय, हार्मोनिक मोड आहे, तिन्ही फेज वेगवेगळे असले तरी चालतं. यात चित्र काढायचं नसतं, टेक्स्ट फाइल लिहायची : हा सोर्स, हा ट्रान्सफॉर्मर, ही केबल, हा लोड. एक्सेल येतंय म्हणता, तर हेही येईल. आधी लोड फ्लो (कुठं किती व्होल्टेज, किती करंट याचा हिशेब) सोडवायचा, मग हार्मोनिक मोड. स्कॅन करायचं असेल तर बसवर एक अँपिअरचा करंट सोर्स ठेवून प्रत्येक फ्रिक्वेन्सीला व्होल्टेज वाचा, तोच इम्पिडन्स.

पण त्यातल्या डिफॉल्ट आकड्यांपासून सांभाळा, तुम्ही काही लिहिलं नाहीत तर ते गुपचूप स्वतःचं धरतं. फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ, ती फाइलच्या सुरुवातीलाच ५० करा. सोर्स ११५ केव्ही आणि २००० एमव्हीए. ट्रान्सफॉर्मरचा रिअॅक्टन्स ७ टक्के. हा ७ टक्के तसाच राहिला तर तुमचा सुळका सव्वासहाच्या आसपास जाईल आणि तुम्ही भलत्याच स्टेपला दोष द्याल. आणखी एक, बहुतेकांच्या नजरेतून सुटणारं : लोड लिहिला की त्याला आपोआप हार्मोनिक स्पेक्ट्रम चिकटतो, पाचवा-सातवा त्यात असतो. म्हणजे सँड प्लांटच्या साध्या मोटारीही हार्मोनिक सोडायला लागतात. मोटारींना 'लिनियर' नावाचा स्पेक्ट्रम द्या. फर्नेसला 'डीसी६' सुरुवातीला चालेल, नंतर पॉवर अॅनालायझरनं मोजलेले आकडे घाला.

पीएसकॅड, एटीपी ही ट्रान्झियंटची हत्यारं : वीज पडली, ब्रेकर उघडला, कपॅसिटर अचानक जोडला, तर मिलिसेकंदात काय होतं. एटीपीला पैसे लागत नाहीत, पण लायसन्सचा करार करावा लागतो. तुमचं दुखणं तासन्‌तास चालणारं आहे, मिलिसेकंदाचं नाही. सोडून द्या. मॅटलॅब-सिम्युलिंक कॉलेजात ठीक, कंपनीत लायसन्स महाग पडतं.

ईटॅप, पॉवरफॅक्टरी, पीएसएस/ई ही मोठी नावं वाईट नाहीत. आपल्या बेंगळुरूचं मायपॉवरही आहे. पैसे कशाचे, तर उपकरणांच्या लायब्ररीचे, रिले कोऑर्डिनेशनचे, आर्क फ्लॅशचे आणि छापील रिपोर्टचे. आतलं लोड फ्लोचं गणित बहुतेक ठिकाणी न्यूटन-रॅफसनच, टिनी आणि हार्ट यांनी १९६७ साली मांडलेल्या धर्तीचं. ते फुकटातही तेच आणि विकतमध्येही तेच.

दुसरी फर्नेस याच ट्रान्सफॉर्मरवर बसेल का, याला तर सॉफ्टवेअर मुळीच नको. ३५० अधिक ३५० अधिक २५० म्हणजे ९५० किलोवॅट. पॉवर फॅक्टर ०.९५ धरला तर बरोबर १००० केव्हीए. हार्मोनिकनं वाढणारी गरमी वेगळीच. बसणार नाही. मालकांना आजच सांगा.

एमटेक_राजारामपुरी

काका, खूप उपयोगी माहिती. मी पॉवर सिस्टिम्समध्ये एमटेक करतेय. भट्टीदादा, तुम्हाला इंग्रजी व्हिडिओ जड जात असतील तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर बघा, बरीच ट्युटोरियल्स मराठीतही आहेत. त्यांच्याच फॉसी प्रकल्पाचं ईसिम आहे, आत एनजीस्पाइस चालतं आणि सर्किट चित्रातून काढता येतं. एलटीस्पाइसऐवजी तेही चालेल, लिनक्सवर तर छानच.

काका, मला एक विचारायचंय. माझ्या प्रोजेक्टसाठी मी पांडापॉवर घेतलंय (पायथॉनवर चालतं, जर्मनीत कासेल विद्यापीठ आणि फ्राउनहोफरनं बनवलेलं). फाउंड्रीच्या छपरावर ३०० किलोवॅट सोलर बसवलं तर ११ केव्ही फीडरवर व्होल्टेज किती वर जातं, असा विषय आहे. लोड फ्लो आणि आयईसी ६०९०९ प्रमाणे शॉर्ट सर्किट छान होतं. पण गाइड म्हणतात मॅटपॉवर वापर, जगभर तेच मानतात. बदलू का? आणि ७ टक्के रिअॅक्टरबद्दल पॅनेलवाल्या दादांचं चुकलं कुठं, ते तुम्ही सांगितलंच नाही.

निवृत्त_टेस्टिंगवाला

बाळ, बदलू नकोस. मॅटपॉवर उत्तम आहे, कॉर्नेलमध्ये तयार झालं, ऑक्टेव्हवर फुकट चालतं. पण त्याचा जीव ट्रान्समिशनच्या ऑप्टिमल पॉवर फ्लोत आहे आणि ते तिन्ही फेज सारखे धरून चालतं. पांडापॉवरचं काम मॅटपॉवरशी एखाद्या ठरलेल्या टेस्ट केसवर ताडून दाखव, गाइडचं समाधान होईल. सोलरसाठी मात्र दिवसभराचा लोड तासातासानं घाल. फाउंड्रीला साप्ताहिक सुट्टी असते, त्या दिवशी दुपारी लोड शून्याजवळ आणि छप्पर पूर्ण तापलेलं, तुझं सर्वांत जास्त व्होल्टेज तिथं सापडेल. सरासरीचा दिवस घेतलास तर प्रश्नच दिसणार नाही.

आता पॅनेलवाले. त्यांचं औषध बरोबर आहे, पथ्य सांगितलं नाही. ७ टक्क्यांचा रिअॅक्टर आणि कपॅसिटर यांची जोडी १८९ हर्ट्झला ट्यून होते. त्याच्या वर ती कॉइलसारखी वागते, म्हणून २५० आणि ३५० हर्ट्झला रेझोनन्स होऊच शकत नाही. फार छान. पण रिअॅक्टर मालिकेत आला की कपॅसिटरवरचं व्होल्टेज चढतं : ४३३ भागिले ०.९३, म्हणजे ४६६. तुमचे कपॅसिटर ४४० चे! 'हायेत तेच ठेव' म्हणजे नवे रिअॅक्टर आणि फुगलेले कपॅसिटर. ५२५ व्होल्टचेच घ्या, आणि केव्हीएआर त्या हिशेबानं वाढवून मागा, कारण कमी व्होल्टेजला ते कमी देणार.

अजून एक. पैसे वाचवायला चार स्टेपला रिअॅक्टर आणि चार साध्या, असं कुणी सुचवेल. करू नका. साध्या स्टेप जुनाच खेळ चालू ठेवतील, फक्त वेगळ्या फ्रिक्वेन्सीला.

पॅनेल_उद्यमनगर

काका, ५२५ व्होल्टचं मान्य. लिहायचं राहिलं म्हणा. पण गिऱ्हाईक दर ऐकून पळतंय त्याला काय करायचं? आणि स्टडी केली तरी शेवटी ७ टक्केच निघालं की नाही?

निवृत्त_टेस्टिंगवाला

निघालं, कारण यांच्या बसवर तिसरा हार्मोनिक नगण्य आहे. ऑफिस, मॉल, हॉस्पिटल, जिथं सिंगल फेजचा इलेक्ट्रॉनिक लोड भरपूर, तिथं तिसरा म्हणजे १५० हर्ट्झ मोठा असतो. ७ टक्क्यांच्या बँकेचा रेझोनन्स १८९ च्या खाली सरकतो आणि तिसऱ्याला जाऊन भेटू शकतो. तिथं १४ टक्के घेतात, ट्यूनिंग १३४ हर्ट्झ. डोळे झाकून एकच आकडा सगळ्यांना दिला की कधीतरी गिऱ्हाईक परत येतं, आणि तेव्हा दराचं बोलत नाही.

भट्टी_शिरोली

काका, सगळं बसून केलं. ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर इम्पिडन्स ४.७५ टक्के आहे. महावितरणच्या ऑफिसात लेखी विचारलं, आमच्या मीटरिंग पॉइंटला फॉल्ट लेव्हल (म्हणजे शॉर्ट सर्किट लेव्हल) १२० एमव्हीए दिली. हे घालून सात स्टेपचा सुळका ३६३ हर्ट्झला आणि आठचा ३४० ला आला, एलटीस्पाइस आणि ओपनडीएसएस दोन्हीत. पाच स्टेपला ४३०. मालकांना ग्राफ दाखवला. ते म्हणाले, "मंजे पोरगं खोटं बोलत नव्हतं." दुसऱ्या फर्नेससाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर बघायचं ठरलंय. रिअॅक्टरचं कोटेशन मागवलंय, पण माल यायला वेळ आहे. तोवर काय करू? आणि नवी फर्नेस १२ पल्सची मागू का?

निवृत्त_टेस्टिंगवाला

शाब्बास. फॉल्ट लेव्हल लेखी आणलीत, हे फार जणांना सुचत नाही.

नवी फर्नेस १२ पल्सचीच मागा. ट्रान्सफॉर्मरला दोन सेकंडरी येतील, एक स्टार, एक डेल्टा, त्यात पाचवा आणि सातवा एकमेकांना बऱ्यापैकी मारतात. अकरावा-तेरावा उरतो. त्यासाठी ११ केव्हीच्या बाजूचं मॉडेल वेगळं करा. आयईईई ५१९ या हार्मोनिकच्या मानकाची मर्यादा मीटरच्या जागी मोजायची असते, फर्नेसच्या पॅनेलवर नाही. ११ केव्हीला व्होल्टेजचं टीएचडी (सगळे हार्मोनिक मिळून) ५ टक्के, एकेका हार्मोनिकला ३ टक्के. ती फाइल कन्सल्टंटना द्या आणि स्टडीचं नव्हे, तपासून सही करण्याचं कोटेशन मागा.

तोवर एपीएफसी मॅन्युअलला टाका. हीट सुरू व्हायच्या आधी पाच स्टेप चढवा आणि तिथंच थांबा. पॉवर फॅक्टर थोडा खाली राहील, केव्हीएएचचं (पॉवर फॅक्टरही धरून मोजलेल्या युनिटचं) बिल थोडं वाढेल, पण रोजच्या फ्यूजपेक्षा परवडेल. तीन स्टेपवर रेंगाळू नका, तिथं अकरावा आहे. आणि हीट संपून फर्नेस बंद झाली की स्टेप आठवणीनं उतरवा. रिकाम्या बसवर २४० केव्हीएआर लटकत राहिले तर लीडिंगला जाल, आणि लीडिंगनंही केव्हीएएच वाढतंच. नाइट शिफ्टच्या ऑपरेटरला पॅनेलच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.